परतावा

दुकान पाणचक्कीच्या अलीकडे, डाव्या हाताला.
मी बिलं करतो. एकोणीस वर्षं.
आधी कार्बन, मग प्रिंटर,
प्रिंटर बिघडला की पुन्हा कार्बन.
त्या दिवशी कार्बनच होता.

बाई वेरूळहून आली होती,
बुटांवर लेण्यांची धूळ,
आणि बोटं अजून कुठल्या तरी दगडी खांद्यावर असल्यासारखी
शालीवरून फिरत होती.
उलटी करून पाहिली तिने. फार थोडी गिऱ्हाइकं असं करतात.
हिमरूची मागची बाजू म्हणजे मोकळे धागे,
दिसायला नुसता गबाळा,
पण कापले तर पुढचं फूल जातं.
मग ती खांद्यावर घेऊनच आरशापुढे उभी राहिली,
काढलीच नाही.

चोवीसशे.
खाली मी लिहिलं: साठ केंद्राचे, साठ राज्याचे.
तिने पासपोर्ट काढून गल्ल्यावर ठेवला, उघडा,
त्या दोन साठांवर बोट टेकवलं आणि विचारलं,
हे परत कुठे मिळतात?

बशारतभाईंनी माझ्याकडे पाहिलं,
मी गजूकडे.
गजू गाडीवाला, तो दाराबाहेर बघत राहिला;
त्याचे वीस टक्के कुठल्याच कागदावर नसतात.

बाईने समजावलं, अर्धं इंग्रजीत, अर्धं हातांनी:
तिच्या गावी, समुद्राकाठी, पाहुण्यांना फॉर्म देतात.
वस्तू पिशवीत बंद.
विमानतळावर दाखवायची, शिक्का घ्यायचा,
कर परत.
अट एवढीच, की देश सोडेपर्यंत वापरायची नाही.

मला राग आला, आणि आवडलंही.
जो जाणार, त्याला माफ.
जो राहणार, त्याला लागू.
मागच्या खोलीत रफीमामू मागावर,
चाळीस वर्षांत जालन्याच्या पलीकडे गेलेला नाही;
त्याच्या सुतावर, चहातल्या बिस्किटावर,
गुडघ्याच्या मलमावर,
आणि मलम लावून उतरायचं कुठं,
तर पुन्हा त्याच मागाच्या खड्ड्यात.

पासपोर्ट माझ्याकडेही आहे.
भाच्याच्या लग्नाला मस्कतला जायचं म्हणून काढलेला.
लग्न इथंच झालं, पैठण गेटजवळच्या हॉलमध्ये.
सगळी पानं कोरी.
एकदाही वापरलेला नाही,
म्हणजे अटीत बसतो.

"बिलच नका फाडू," बशारतभाई हळू म्हणाले, "मिटला विषय."
मिटला असता.
पण लिहून झालं होतं, नंबर छापलेला होता,
आणि इतक्या वर्षांत मी एक नंबर खाल्लेला नाही.

मग काय की झालं मला.
खिशातून शंभराची एक, दहाच्या दोन काढल्या.
बिल पालथं घातलं,
गोल शिक्का मारला
(शिक्क्यात शहराचं नाव अजून जुनंच, नवा करायला टाकलाय),
सही केली, तारीख घातली,
आणि मोठ्या साहेबासारखी मान वर करून विचारलं,
वापरली का?

नाही, म्हणाली ती.
शाल तिच्या खांद्यावर होती.

नोटा तिने मोजून घेतल्या. हसली नाही.
पासपोर्टाच्या मधल्या पानात ठेवल्या,
जसा कुणी आपल्या देशाचा कागद ठेवतो.
गजूने हॉर्न दिला.

रात्री बायकोने पिशवी झटकली.
"मेथी कामून नाही आणली? सकाळी तर पैसे होते खिशात."
"बाहेर गेले."
"बाहेर म्हणजे कुठं?"
"देशाबाहेर."
तिने माझ्याकडे पाहिलं, मग वरणाकडे, मग गॅस बारीक केला.
"मग आपल्याला काय मिळालं त्यात?"

मला दुकानातली दुसरी प्रत आठवली, निळसर, फिकी.
रक्कम तिच्यावर पुरी उमटली आहे,
साठ आणि साठ, बेरीज बरोबर.
पाठीमागचं काही
कार्बनमधून येत नाही.